कंपनीच्या कारकुनांचे कॉलेज

ज्याला नोकरीस ठेवावयाचे त्याला मालकाने स्वखर्चाने शिकवावे, आणि त्या शिक्षणाला खऱ्या विद्येचा मान मिळावा म्हणून खटपट करावी, हा प्रकार यंत्रयुगातच निघाला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः तो बराच जुना आहे. हिंदुस्थानच्या इतिहासात त्याचे एक मोठे ठळक प्रकरण घडून गेले, आणि मराठी छापील गद्याचा आरंभकाळही त्या प्रकरणाशी निगडित आहे. ते प्रकरण म्हणजे कलकत्त्याचे फोर्ट विल्यम कॉलेज.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत येणारा इंग्रज तरुण बहुधा सोळा ते अठरा वर्षांचा असे. लंडनमधील चोवीस डायरेक्टरांपैकी कोणाच्या तरी कृपेने त्याची निवड झालेली असे. शुद्ध लिहिणे, आकडेमोड करणे आणि हिशेबाच्या वह्या नीट ठेवणे, एवढ्या शिदोरीवर तो समुद्र ओलांडी. त्याचा हुद्दा ‘राइटर’, म्हणजे सरळ मराठीत कारकून. काही वर्षांनी तो ‘फॅक्टर’ होई, मग ‘ज्युनियर मर्चंट’, आणि अखेर ‘सीनियर मर्चंट’. कंपनीचे सारे जग वखारीत सामावलेले होते तोपर्यंत ही नावे शोभत होती. पण १७६५ साली बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी कंपनीच्या पदरात पडली, आणि पुढे लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ साली न्याय व वसूल यांची नवी घडी बसविली. त्यानंतर नावाने व्यापारी असलेला हा गृहस्थ प्रत्यक्षात जिल्ह्याचा न्यायाधीश, कलेक्टर किंवा एखाद्या दरबारातील वकील होऊन बसला. ज्या रयतेच्या जमिनीचा व जीविताचा निवाडा त्याने करावयाचा, तिची भाषा मात्र त्याला येत नसे. कारभार चाले तो दुभाषांच्या आणि कारकुनांच्या तोंडाने. आणि दुभाषाच्या तोंडी असलेला न्याय किती महाग पडतो, हे पक्षकारांना चांगले ठाऊक होते.

ही विसंगती ज्याच्या डोळ्यांत प्रथम सलली तो गव्हर्नर जनरल म्हणजे मार्क्विस वेलस्ली. महाराष्ट्राला हे नाव वसईच्या तहामुळे आणि १८०३ च्या युद्धामुळे परिचित आहे, आणि ते कोणी प्रेमाने उच्चारीत नाही. परंतु या मनुष्याची नजर दूरवर जात असे, हे त्याच्या शत्रूंनीही नाकारलेले नाही. १७९८ साली तो कलकत्त्यास आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याने एक जाहीरनामा काढला. १ जानेवारी १८०१ पासून, देशी भाषा आणि सरकारचे कायदे यांत परीक्षा दिल्याखेरीज कोणाही मुलकी नोकरास विवक्षित जबाबदारीच्या जागा मिळणार नाहीत, असा त्याचा आशय. पुढे जे काही घडले त्याची किल्ली या लहानशा जाहीरनाम्यात आहे. शाळा काढण्याच्या आधी परीक्षा आली, आणि परीक्षेच्या पाठीशी बढती उभी राहिली.

शिकविण्याची सोय सुरुवातीस अगदी साधी होती. जॉन गिलख्रिस्ट नावाचा कंपनीचा एक डॉक्टर हिंदुस्थानी भाषेच्या नादी लागलेला होता. १७९९ साली त्याच्याकडे नव्या राइटरांचा वर्ग सोपविण्यात आला. वेलस्लीचे एवढ्यावर समाधान होणे शक्य नव्हते. १८०० च्या जुलैत त्याने कॉलेज स्थापन करणारा कायदा मंजूर केला. परंतु त्यावर तारीख घातली ४ मे १८०० ही. त्या दिवशी श्रीरंगपट्टण पडल्याला आणि टिपू सुलतान धारातीर्थी पडल्याला एक वर्ष पुरे होत होते. कारकुनांच्या शाळेला विजयदिनाचा मुहूर्त लावणारा हा पुरुष तिला लहान ठेवील, हे संभवतच नव्हते.

योजना अशी की, बंगाल, मद्रास व मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या नव्या मुलकी नोकरांनी आधी कलकत्त्यास यावे, तीन वर्षे कॉलेजात राहावे, आणि दरमहा तीनशे रुपये वेतन घेऊन फक्त अभ्यास करावा. अरबी, फारसी, संस्कृत, हिंदुस्थानी, बंगाली, मराठी, तेलुगू, तमिळ, कानडी इतक्या भाषा. त्याशिवाय हिंदु व मुसलमानी धर्मशास्त्र, इंग्लंडचा कायदा, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, ग्रीक-लॅटिन आणि पदार्थविज्ञानसुद्धा. वर देखरेखीस प्रोव्होस्ट व व्हाइस-प्रोव्होस्ट. या जागांवर डेव्हिड ब्राउन व क्लॉडियस बुकॅनन हे दोन पाद्री नेमले गेले. इमारतीसाठी गार्डन रीच येथील प्रशस्त जागा योजिली होती. तोपर्यंत वर्ग रायटर्स बिल्डिंगमध्ये भरू लागले. खर्चाचा काही भाग मुलकी नोकरांच्या पगारांतून कापून घ्यावयाचा, असाही बेत होता. पूर्वेकडील ऑक्सफर्ड उभारण्याची ही मनीषा होती. ज्या कंपनीच्या पैशाने ती पार पाडावयाची, त्या कंपनीच्या डायरेक्टरांना मात्र आधी कोणी विचारले नव्हते!

येथेच मान्यतेचा खरा प्रश्न उपस्थित झाला. कलकत्ता सरकारच्या हुकमाने कॉलेजच्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत आली होती. परंतु सरकार हे नोकर आणि डायरेक्टर हे मालक. मालकांची मंजुरी नसेल तर ती किंमत कागदावरची. वेलस्लीची अटकळ अशी होती की, काम एकदा झोकात चालू झाले म्हणजे लंडनला मान डोलवावीच लागेल. म्हणून त्याने कॉलेजला शक्य तेवढी शोभा आणली. दरसाल जाहीर वादसभा भरू लागल्या. गव्हर्नर जनरल स्वतः अध्यक्षस्थानी बसे. कोर्टाचे न्यायाधीश, लष्करी अधिकारी, शहरातील प्रतिष्ठित हिंदी गृहस्थ आणि दरबारी वकील समोर असत. आणि अठरा-वीस वर्षांचे इंग्रज तरुण फारशीत, हिंदुस्थानीत, बंगालीत एखादा सिद्धांत मांडून त्याचे समर्थन करीत. मग पदके, रोख बक्षिसे आणि सन्मानाच्या पदव्या वाटल्या जात. २० सप्टेंबर १८०४ च्या सभेत विल्यम केरीने वेलस्लीच्या समक्ष संस्कृतात भाषण केले, ही गोष्ट त्या काळी फार गाजली.

तथापि हा थाटच कॉलेजच्या मुळावर आला. २७ जानेवारी १८०२ च्या पत्राने डायरेक्टरांनी कॉलेज बंद करण्याचा हुकूम सोडला. तो त्या वर्षीच्या जूनमध्ये कलकत्त्यास पोहोचला. हेतू स्तुत्य आहे, परंतु खर्च अफाट आहे आणि तिजोरीत पैसा नाही, असा पत्राचा सूर होता. पैशाची अडचण खोटी नव्हती. वेलस्लीच्या लढायांनी कंपनीला कर्जात लोटले होते. तरीपण निव्वळ काटकसरीने या हुकमाचा उलगडा होत नाही. मुंबईस पाठवावयाचा की बंगालला, हे आजवर नेमणूक करणाऱ्या डायरेक्टराच्या हाती असे. आणि बंगालची जागा सर्वांत लाभाची. आता मुलाने कलकत्त्यास येऊन जी विद्या दाखवावी तिजवरून त्याचा इलाखा ठरणार होता. पुतण्याची व भाच्याची सोय लावण्याचा जो हक्क डायरेक्टरांना साऱ्या नफ्याहून प्रिय होता, तोच एक परीक्षक हिरावून घेऊ लागला. त्यातून वेलस्ली व डायरेक्टर यांचे खासगी व्यापारावरून आधीच बिनसलेले. अशा स्थितीत त्यांनी कॉलेजकडे विद्यामंदिर म्हणून पाहावे, ही अपेक्षा भाबडी होती.

वेलस्लीने हुकूम पाळला आणि पाळलाही नाही. कॉलेज एकदम मोडता येत नाही, सबब १८०३ च्या डिसेंबरअखेर ते बंद होईल, असे त्याने जाहीर केले; आणि ५ ऑगस्ट १८०२ रोजी डायरेक्टरांना भले लांबलचक पत्र लिहिले. खासगी पत्रांत तर कॉलेज राहिले पाहिजे, नाहीतर साम्राज्य बुडेल, इतक्या थरास तो गेला. हाती आलेली दीड वर्षाची मुदत उपयोगी पडली. कंपनीवर पार्लमेंटच्या वतीने देखरेख करणारे बोर्ड ऑफ कंट्रोल मध्ये पडले, आणि १८०३ च्या सप्टेंबरात डायरेक्टरांनी तूर्त कॉलेज चालू ठेवण्यास संमती दिली. पण कोणते कॉलेज? बंगाल इलाख्याच्या उमेदवारांना भाषा शिकविण्यापुरते. युरोपीय विद्या गळाल्या. मुंबई-मद्रासच्या तरुणांना कलकत्त्यास आणण्याची कल्पना मोडली. गार्डन रीचची इमारत कधीच उभी राहिली नाही. १८०५ साली वेलस्ली परत गेला, आणि १८०७ मध्ये प्रोव्होस्ट व व्हाइस-प्रोव्होस्ट यांच्या जागाही गेल्या.

याच सुमारास डायरेक्टरांनी जे केले ते मोठे अर्थपूर्ण आहे. नोकरांना शिकविले पाहिजे हे वेलस्लीचे म्हणणे त्यांनी उचलले, आणि शाळा मात्र स्वतःच्या नजरेखाली काढली. १८०६ च्या फेब्रुवारीत हर्टफर्ड येथे ईस्ट इंडिया कॉलेज उघडले. १८०९ साली ते हेलीबरी येथील नव्या इमारतीत गेले. लोकसंख्येच्या सिद्धांताने प्रसिद्ध झालेला माल्थस तेथे इतिहास व अर्थशास्त्र यांचा प्राध्यापक होता. कलकत्त्यास कंपनी विद्यार्थ्याला दरमहा तीनशे रुपये देत होती. हेलीबरीस बापाने वर्षाला शंभर गिन्या भरावयाच्या होत्या. नेमणुकीचा हक्क अर्थातच डायरेक्टरांपाशी राहिला, आणि १८१३ च्या सनदेच्या कायद्याने हेलीबरीत चार सत्रे काढल्याखेरीज कोणास राइटर नेमता येणार नाही, असे ठरले. वेलस्ली जी मान्यता भपक्याने मिळवू पाहत होता, ती डायरेक्टरांच्या कॉलेजला पार्लमेंटच्या एका कलमाने मिळाली. तरीही टीका थांबली नाही. वशिल्याने आलेला मुलगा कितीही मठ्ठ किंवा बेफाम निघाला, तरी त्याला काढून टाकणे अवघड, कारण त्याची जागा म्हणजे हजारो पौंडांची मालमत्ता. विद्यार्थ्यांचे दंगे झाले, कॉलेज मोडावे अशी मागणी निघाली, आणि माल्थसला १८१३ व १८१७ साली त्याच्या बचावार्थ पुस्तिका लिहाव्या लागल्या.

पंख छाटलेल्या कलकत्त्याच्या कॉलेजात मात्र या काळात असे काम झाले की ज्याचा विचार वेलस्लीने वा डायरेक्टरांनी, कोणीच केला नव्हता. भाषा शिकवावयाच्या ठरल्या. पण शिकवावयाच्या कशावरून? बंगालीत, हिंदीत, मराठीत काव्य होते, बखरी होत्या, पत्रव्यवहार होता. परंतु परदेशी मुलाच्या हाती देता येईल असे छापील गद्याचे पुस्तक जवळजवळ नव्हते. व्याकरणे व कोश नव्यानेच रचावे लागले. हे काम साहेब एकटा करू शकत नव्हता. म्हणून कॉलेजने मुनशी व पंडित नेमले. रामराम बसूंचे ‘राजा प्रतापादित्य चरित्र’ १८०१ साली निघाले, मृत्युंजय विद्यालंकारांचे ‘बत्रिश सिंहासन’ १८०२ साली. मीर अम्मनचे ‘बाग-ओ-बहार’ आणि लल्लूलालांचे ‘प्रेमसागर’ ही उर्दू व हिंदी पुस्तकेही याच वर्गांच्या गरजेतून जन्मली.

या मंडळींचे पगार पाहण्यासारखे आहेत. गिलख्रिस्टला दरमहा पंधराशे रुपये. केरीला पाचशे, तोही मूळचा नॉर्थॅम्प्टनशायरचा चांभार आणि धर्माने बॅप्टिस्ट असल्यामुळे, प्रस्थापित चर्चच्या या कॉलेजात आरंभी त्याला ‘प्रोफेसर’ न म्हणता नुसते ‘शिक्षक’ म्हणत, प्रोफेसर ही पदवी आणि हजार रुपये त्याला १८०७ साली मिळाले. मुख्य पंडित मृत्युंजय यांना दोनशे. रामराम बसूंना चाळीस. आणि त्यांच्यापुढे बसून बंगालीची मुळाक्षरे गिरविणाऱ्या सतरा वर्षांच्या साहेबाला तीनशे! वादसभेत पदक मिळे ते विद्यार्थ्याला. त्याचा उच्चार घासूनपुसून घेणारा मुनशी मागे उभा असे. कंपनीच्या या शिक्षणाला मान्यता मिळावी म्हणून जी सारी धडपड झाली, तीत या शिकविणाऱ्यांच्या मान्यतेचा मुद्दा कोणी काढल्याचे दिसत नाही.

मराठीची हकीकतही याच साच्यातली. आसईची लढाई सप्टेंबर १८०३ मध्ये झाली, आणि तिच्या मागोमाग कलकत्त्यास केरीच्या हाताखाली मराठीचे अध्यापन सुरू झालेले दिसते. राज्य घ्यावयाचे तर भाषा आधी घ्यावी, हा कंपनीचा हिशेब उघड आहे. केरीला मराठी शिकविली व पुढे पुस्तके तयार करण्यात साहाय्य केले ते वैजनाथ पंडितांनी. १८०५ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात केरीचे मराठी व्याकरण छापले गेले. त्यातील मराठी मजकूर देवनागरीत होता. परंतु मराठ्यांचा व्यवहार मोडीत चाले, आणि नोकरीवर जाणाऱ्या राइटरापुढे येणारे कागद मोडीतच असणार. म्हणून श्रीरामपुरास मोडीचे खिळे पाडण्यात आले, आणि १८१० चा मराठी कोश त्या खिळ्यांनी छापला. ११ मार्च १८१२ रोजी त्या छापखान्यास आग लागून हस्तलिखिते, कागद आणि अनेक लिपींचे खिळे भस्मसात झाले. तरीही दोन वर्षांच्या आत काम पुन्हा उभे राहिले आणि मोडी पुस्तके निघू लागली: १८१४ साली ‘सिंहासन बत्तिशी’, १८१५ साली ‘हितोपदेश’, १८१६ साली ‘राजा प्रतापादित्याचे चरित्र’, आणि त्याच सुमारास नागपूरकर रघुजी भोसल्यांची वंशावळी.

पुण्याच्या वळणावर पोसलेल्या वाचकास ही मराठी ओबडधोबड वाटते, आणि ती तशी आहेही. पण तिच्याकडे नाक मुरडण्यापूर्वी हे ध्यानात घेतले पाहिजे की, ज्या वर्षी ‘सिंहासन बत्तिशी’ मोडीत छापली गेली, त्या वर्षी पुण्यात पेशवाई चालू होती आणि शनिवारवाड्याच्या परिसरात एकही छापखाना नव्हता. चाळीस रुपये दरमहावर राबणाऱ्या रामराम बसूंचे पुस्तक मराठीत उतरले तेव्हा ते हयात नव्हते. १८१३ सालीच त्यांचा अंत झाला होता.

खुद्द विद्यार्थ्यांबद्दल न्यायाने बोलावयाचे तर काही जण खरोखर नामांकित निघाले. अगदी प्रारंभीच्या विद्यार्थ्यांपैकी चार्ल्स मेटकाफ हा १८३५ साली हंगामी गव्हर्नर जनरल झाला आणि त्याने वर्तमानपत्रांवरील बंधने उठविली. दुसरा, विल्यम बटरवर्थ बेली, याने १८२८ साली तीच जागा काही महिने सांभाळली. पण कोवळ्या वयात, आईबापांपासून हजारो मैलांवर, हातात दरमहा तीनशे रुपये आणि दाराशी उधार देण्यास उत्सुक सावकार, याचा परिणाम अनेकांवर व्हावयाचा तोच झाला. घोडे, मेजवान्या आणि कर्ज यांबद्दल कॉलेजची अपकीर्ती वाढत गेली. लॉर्ड विल्यम बेंटिंकने काटकसरीची कात्री हाती घेतली तेव्हा कॉलेजची बाजू घेण्यास फारसे कोणी उरले नव्हते. १८३० साली प्राध्यापकांच्या जागा रद्द झाल्या. राहिले ते पंडित, मुनशी आणि परीक्षा घेणारे मंडळ.

नवल हे की या उतरत्या काळातच कॉलेजला त्याचा सर्वांत थोर शिक्षक लाभला. १८४१ च्या डिसेंबरात ईश्वरचंद्र विद्यासागर तेथे मुख्य पंडित म्हणून पन्नास रुपयांवर रुजू झाले. साहेबांचे परीक्षेचे कागद तपासता तपासता त्यांनी इंग्रजीचा व हिंदीचा अभ्यास केला, आणि १८४७ साली याच कॉलेजच्या उपयोगासाठी ‘बेताल पंचविंशति’ लिहून बंगाली गद्याला नवी चाल दिली.

१८५४ च्या जानेवारीत लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत फोर्ट विल्यम कॉलेज रीतसर बरखास्त झाले. शिकवणी संपली, परीक्षा घेणारे मंडळ मात्र टिकले, कारण भाषेची परीक्षा आणि नोकरीतील बढती यांची १७९८ साली पडलेली गाठ सोडण्यास कोणीच तयार नव्हते. हेलीबरीचा शेवटही दूर नव्हता. १८५३ च्या कायद्याने डायरेक्टरांचा नेमणुकीचा हक्क गेला, १८५५ साली लंडनमध्ये पहिली खुली चढाओढीची परीक्षा झाली, आणि १८५८ च्या आरंभी हेलीबरीचे कंपनी-कॉलेज बंद पडले. त्याच वर्षी कंपनीचे राज्यही संपले. त्या खुल्या परीक्षेत १८६३ साली पहिले हिंदी गृहस्थ उत्तीर्ण झाले ते सत्येंद्रनाथ ठाकूर. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. या बंगाली मुलकी अधिकाऱ्याने येथे मराठी आत्मसात केली आणि तुकोबांचे अभंग बंगालीत नेले.